चारही पाय अधांतरी

माझे वडील शर्यतीच्या घोड्यांचे सईस आहेत. पावसाळ्यात पुण्याला हंगाम असतो, हिवाळ्यात मुंबईला. घोडे जातील तिकडे वडील जातात. पहाटे उठायचे, खरारा करायचा, दाणावैरण पाहायची, घोडा व्यायामाला न्यायचा आणि तो परतला की त्याच्या पायांवरून सावकाश तळहात फिरवून कुठे ऊब तर लागत नाही ना, हे बघायचे. माझ्या जन्माआधीपासून त्यांचा हा क्रम चालू आहे. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिलाच. प्रवेश अर्जात वडिलांचा व्यवसाय असा एक रकाना होता. सईस हा शब्द लिहिताना माझा हात अडला आणि मी तेथे नुसते नोकरी असे लिहून मोकळा झालो.

गेल्या वर्षी ग्रंथालयात छायाचित्रणाच्या इतिहासावरचे एक जाडजूड पुस्तक चाळताना एका पानावर थबकलो. त्या पानावर बारा लहान चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत तीच घोडी आणि तोच स्वार. दोन चौकटींत घोडीचे चारही पाय जमिनीच्या वर होते; पण चित्रांत असतात तसे पुढे-मागे ताणलेले नव्हते, तर पोटाखाली गोळा झालेले होते. घोडा इतका बेढब दिसू शकतो? मला हसू आले. संध्याकाळी घरी ही गंमत सांगितली. वडिलांना काहीच नवल वाटले नाही. ते म्हणाले, की भरधाव घोड्याच्या चार टापा लागोपाठ पडतात आणि मग जरा खंड पडतो. त्या खंडात घोडा हवेत असतो. कान असेल त्याला हे कळते, डोळ्याला मात्र सापडत नाही. मग त्यांनी विचारले, की ज्याने ते डोळ्याला सापडवून दिले तो माणूस कोण? मला नावापलीकडे काही सांगता आले नाही. म्हणून मी वाचू लागलो. त्या वाचनातून हा लेख झाला.

त्या माणसाचे नाव एडवर्ड मायब्रिज. पण जन्मतः त्याचे नाव हे नव्हते. ९ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडमध्ये, थेम्स नदीकाठच्या किंग्स्टन गावी, कोळसा आणि धान्याचा व्यापार करणाऱ्या कुटुंबात एडवर्ड जेम्स मगरिज जन्मला. १८४३ मध्ये वडील वारले. विशीत येताच मुलाने घर सोडले, समुद्र ओलांडला आणि अमेरिकेत पुस्तकांचा धंदा सुरू केला. पुढे सोन्याच्या शोधाने भरभराटलेल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात त्याने दुकान थाटले. नाव तो बदलत राहिला. मगरिजचा मायग्रिज झाला, मायग्रिजचा मायब्रिज झाला. शेवटी पहिल्या नावाचे स्पेलिंगही त्याने जुन्या सॅक्सन राजांच्या पद्धतीने लिहायला सुरुवात केली. किंग्स्टनला त्या राजांच्या राज्याभिषेकाचा दगड आहे. त्यावरून त्याला हे सुचले असे मानतात.

घोड्यांनी त्याच्या आयुष्यात पहिला प्रवेश केला तो मात्र भयंकर रीतीने. १८६० साली तो घोडागाडीने टेक्सासमधून प्रवास करीत होता. घोडे उधळले, गाडी आवरेना, आणि ती झाडावर जाऊन आदळली. मायब्रिज बाहेर फेकला गेला आणि डोक्यावर आपटला. त्यानंतर त्याला एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. वास आणि चव गेली. उपचारासाठी तो इंग्लंडला परतला. पुढील काही वर्षांत केव्हातरी त्याने छायाचित्रणाची कला आत्मसात केली. १८६७ च्या सुमारास तो पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोला दिसतो तो पुस्तकविक्रेता म्हणून नव्हे, तर छायाचित्रकार म्हणून. हेलिऑस, म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव, हे नाव घेऊन तो योसेमिटीच्या दऱ्याखोऱ्यांतून कॅमेरा घेऊन हिंडला. त्याची तेथली चित्रे गाजली.

मित्रहो, आज खिशातल्या मोबाईलने आपण पळत्या गाडीचाही फोटो काढतो. त्या काळी ते किती अवघड होते! काचेवर चिकट रसायन पसरायचे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. प्रकाश टिपायला सेकंदच्या सेकंद लागत. डोंगर स्थिर उभा राही, माणूसही कसाबसा उभा राही. धावणारा घोडा म्हणजे काचेवर नुसता पुसट डाग.

आणि नेमके हेच काम त्याच्याकडे चालून आले. लीलंड स्टॅनफर्ड हा रेल्वेचा धनाढ्य मालक आणि कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर. घोड्यांचे त्याला वेड होते. नुसते पळवण्याचे नव्हे, समजून घेण्याचेही. दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, हा त्याचा प्रश्न होता. पाय कसा पडतो हे कळले तर घोडा चांगला तयार करता येईल, असा त्यामागे व्यवहारी हिशेब होता. त्याने पंचवीस हजार डॉलरची पैज लावली होती अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही. १८७२ मध्ये त्याने मायब्रिजला बोलावून ऑक्सिडेंट नावाच्या आपल्या घोड्याचे चित्र काढायला सांगितले. पांढऱ्या चादरी टांगल्या, प्रयोग झाले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून हाती आल्या त्या फक्त अंधुक छाया.

येथे मला या चरित्रातला एक काळा भाग सांगितलाच पाहिजे. थोरांची चरित्रे आपण आदर्श म्हणून वाचतो. मायब्रिजला मी आदर्श म्हणू शकत नाही. १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये, आपल्या पत्नीचे हॅरी लार्किन्स नावाच्या गृहस्थाशी संबंध आहेत हे कळल्यावर, तो रात्री त्याच्या मुक्कामी गेला आणि त्याने त्याला गोळी घालून ठार केले. खटला चालला. डोक्याच्या जुन्या जखमेमुळे याचे मन ताब्यात नसते असा बचाव मांडला गेला. ज्यूरीने १८७५ च्या फेब्रुवारीत त्याला निर्दोष सोडले. तो मध्य अमेरिकेत निघून गेला. त्याच वर्षी पत्नी फ्लोरा वारली. त्यांचा लहान मुलगा अनाथाश्रमात वाढला. न्यायालयाने त्याला सोडले खरे. पण त्या मुलाचा विचार मनात आला की माझे मन त्याला सोडत नाही. एकाच माणसात एवढी चिकाटी आणि एवढी निष्ठुरता कशी नांदते, याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही.

परत आल्यावर त्याने स्टॅनफर्डचे काम पुन्हा हाती घेतले. १८७७ मध्ये ऑक्सिडेंटचे एक चित्र प्रसिद्ध झाले, पण त्यावर चित्रकाराचा कुंचला फिरलेला होता. वर्तमानपत्रांनी शंका घेतली. आता लोकांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१८७८ चा जून महिना. पालो आल्टो येथे स्टॅनफर्डचे घोड्यांचे फार्म होते. तेथील धावपट्टीच्या एका बाजूला लांबट छपरी बांधून तिच्यात बारा कॅमेरे ओळीने मांडले. दोन कॅमेऱ्यांमध्ये अंतर २७ इंच. समोर पांढरी भिंत आणि तिच्यावर मापाच्या रेघा. कॅमेऱ्यांची झाकणे विजेने सुटत. ती यंत्रणा बसवायला रेल्वे कंपनीतला जॉन आयझॅक्स हा तरुण इंजिनिअर मदतीला होता. १५ जून रोजी वार्ताहरांना बोलावले. प्रथम एब एजिंग्टन हा दुडक्या चालीचा घोडा हलक्या दुचाकी गाडीला जुंपून पळवला. गाडीचे चाक जमिनीवरच्या तारांवरून गेले की एकेक झाकण उघडे. मग सॅली गार्डनर ही घोडी आली. तिच्या वाटेत आडवे दोरे ताणले होते. तिच्या छातीने दोरा तुटला की कॅमेरा चाले. दोऱ्यांना बुजून ती उसळली आणि खोगिराचा तंग तुटला. तेथल्या तेथे काचा धुतल्या, तर तुटलेला तंगही चित्रात स्पष्ट दिसला! मग शंका घ्यायला कोणाला जागाच उरली नाही. मी पाहिलेल्या बारा चौकटी याच घोडीच्या. कार्डावर १९ जून १८७८ ही तारीख छापली आहे. स्वार होता गिल्बर्ट डॉम.

काय सिद्ध झाले? पहिले म्हणजे, दुडक्या चालीतही घोडा क्षणभर पूर्ण हवेत असतो. दुसरे त्याहून मोठे. शतकानुशतके चित्रकार भरधाव घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून त्याला हवेत तरंगवत आले होते. फ्रेंच चित्रकार जेरिकोचे १८२१ मधले एप्सम डर्बीचे प्रसिद्ध चित्र पाहा, त्यातले सगळे घोडे असेच आहेत. प्रत्यक्षात धावताना तशी स्थिती कधीच येत नाही. मागचा एक पाय पडतो, मग मागचा दुसरा, मग पुढचा एक आणि शेवटी पुढचा दुसरा. हा शेवटचा पाय जमीन सोडतो तेव्हा चारही पाय पोटाखाली गोळा होतात आणि घोडा अधांतरी जातो. वडिलांनी सांगितलेला खंड तो हाच.

पहिला पाय टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतच्या अंतराला ढांग म्हणू. घोड्याचा वेग म्हणजे ढांगेची लांबी गुणिले सेकंदाला पडणाऱ्या ढांगा. गणित एवढे सोपे आहे. सॅली गार्डनर मैलाला १ मिनिट ४० सेकंद या गतीने धावत होती, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ मीटर. सेकंदाला सव्वादोन ढांगा धरल्या तर एक ढांग सात मीटरच्या, म्हणजे तेवीस फुटांच्या आसपास येते. बारा कॅमेऱ्यांमधली अकरा अंतरे मिळून पावणेपंचवीस फूट होतात. म्हणजे एक पूर्ण ढांग त्या रांगेत मावली! हा हिशेब मी वहीत स्वतः मांडून पाहिला, तेव्हा फार आनंद झाला.

मग लांब ढांगेचा घोडाच जिंकतो का? तसे नाही. ढांग फार लांबवली तर त्या दर सेकंदाला कमी पडतात. भराभर टाकल्या तर त्या आखूड होतात. शिवाय भरधाव घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो, त्याचे पाय आणि फुप्फुसे एका तालात चालतात. ढांगा वाढल्या की प्रत्येक श्वासाला वेळ कमी. जवळच्या पल्ल्याला भराभर पडणारे पाय कामी येतात, लांब पल्ल्याला लांब सहज ढांग. प्रत्येक घोड्याला आपला मेळ सापडावा लागतो. आणि हे सारे पेलायचे कशावर? पूर्ण वेगात पुढच्या एका पायावर घोड्याच्या वजनाच्या अडीचपट भार पडतो. आज काही देशांत खोगिराखालच्या कापडात लहानसे यंत्र बसवून प्रत्येक ढांग मोजतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना असे आढळले आहे की हाड दुखावण्याआधी काही शर्यतींपासूनच घोड्याची ढांग आखूड होऊ लागते. वडील पहाटे तळहाताने जे शोधतात, तेच ही यंत्रे आकड्यांनी शोधतात.

मायब्रिजची कीर्ती झपाट्याने पसरली. पॅरिसमध्ये एतिएन-जूल मारे हा शरीरशास्त्रज्ञ घोड्याच्या खुरांखाली हवेच्या पिशव्या बसवून पावलांची नोंद घेत असे. कॅमेऱ्याविनाच तो बरेच काही ओळखून होता. मायब्रिजची चित्रे पाहताच तो भारावला आणि पुढे स्वतः छायाचित्रणाकडे वळला. योगायोग असा की दोघेही १८३० मध्ये जन्मले, दोघेही १९०४ च्या मे महिन्यात वारले, आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरेही एकच होती! मेसोनिए या चित्रकाराने तर पळता घोडा न्याहाळण्यासाठी शेजारून रूळ टाकून गाडी ढकलवली होती. त्यानेही १८८१ मध्ये पॅरिसला मायब्रिजचा सत्कार केला. मायब्रिजने काचेच्या फिरत्या तबकडीवर ही चित्रे उतरवून पडद्यावर घोडा पळता दाखवणारे यंत्रही बनवले होते. प्रथम वेळेचे तुकडे केले, मग ते पुन्हा जोडून दाखवले.

१८८२ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये राजपुत्रासमोर त्याचे व्याख्यान झाले. यशाचे ते शिखर होते. आणि त्याच वर्षी घाव बसला. स्टॅनफर्डच्या आश्रयाने, त्याचे मित्र डॉ. स्टिलमन यांच्या नावावर, धावत्या घोड्यावरचे एक मोठे पुस्तक बोस्टनहून निघाले. शीर्षकपानावर मायब्रिजचे नाव नव्हते! पगारी माणसाने मालकासाठी केलेले काम, असा जणू त्याचा अर्थ. रॉयल सोसायटी त्याचा निबंध छापणार होती. हे पुस्तक पाहून तिने हात आखडता घेतला. मायब्रिजने स्टॅनफर्डवर दावा लावला आणि तो हरला.

पैसा स्टॅनफर्डचा, घोडे त्याचे, प्रश्नही त्याचाच होता. त्याचा वाटा मी नाकारत नाही. पुढे त्याच फार्मच्या जमिनीवर त्याने मृत मुलाच्या स्मरणार्थ विद्यापीठ उभारले. ते १८९१ मध्ये सुरू झाले. पण ज्याने सहा वर्षे रसायनांत बोटे काळी केली, त्याचे नाव गाळून पुस्तक पुरे कसे होते?

मायब्रिज खचला नाही. १८८४ पासून फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात त्याने नव्याने काम उभारले आणि १८८७ मध्ये प्राण्यांच्या हालचालींचा ७८१ पानांचा चित्रसंग्रह आपल्या नावाने प्रसिद्ध केला. घोडे, हत्ती, पक्षी, जिना चढणारी बाई, उडी मारणारा माणूस, सगळे त्यात आहेत. १८८८ मध्ये तो एडिसनला भेटला. एडिसन, मारे आणि ल्युमिए बंधू यांच्या हातून पुढे चलच्चित्र घडले. १८९६ मध्ये ते मुंबईला वॉटसन हॉटेलात दाखवले गेले आणि १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला. आपण चित्रपटगृहात बसतो तेव्हा सॅली गार्डनरचे काही देणे लागतो, हे कितीजणांना ठाऊक असते?

म्हातारपणी तो किंग्स्टनला परतला. ८ मे १९०४ रोजी तेथेच वारला. वोकिंग येथे त्याच्या स्मृतिशिळेवर नाव कोरले आहे. पण तेही चुकीचे. मायब्रिजमधले एक अक्षर बदलून तेथे मेब्रिज असे झाले आहे. ज्याने जन्मभर आपले नाव घडवले, मोडले, त्यासाठी कोर्टात भांडला, त्याच्या दगडावर नाव चुकावे!

सारे वाचून झाल्यावर एका रात्री मी वडिलांना ही हकिगत सांगितली. खुनाचे ऐकून ते गप्प झाले. पुस्तकातून नाव गाळल्याचे ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. मग बारा चौकटी पुन्हा बघायला मागितल्या. पुस्तक घरी नेण्याची परवानगी नव्हती, म्हणून मी झेरॉक्स काढून आणली होती. चष्मा लावून त्यांनी एकेका चौकटीवर बोट ठेवत टापा मोजल्या. मागचा, मागचा, पुढचा, पुढचा. अधांतरी चौकटीवर बोट थांबले. त्या कार्डावर घोडीचे नाव आहे, मालकाचे आहे. त्या पहाटे तिला खरारा करणाऱ्याचे नाव नाही. वडील त्याबद्दल काही बोलले नाहीत. घोडीच्या पायांत दोष नाही, मोतद्दार चांगला असला पाहिजे, एवढेच म्हणाले.

यंदाचा प्रवेश अर्ज भरताना तो रकाना पुन्हा समोर आला. या खेपेला हात अडला नाही. मी स्वच्छ अक्षरांत सईस असे लिहिले.